चेंबरमध्ये रुतलेली पुंगळी: एम-१६ रायफलीचं व्हिएतनाममधलं प्रकरण

१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, खे सान्हजवळच्या ८६१ आणि ८८१ क्रमांकाच्या टेकड्यांवर अमेरिकन मरीन आणि उत्तर व्हिएतनामी सैन्य यांची मोठी चकमक झाली. तीत १५५ मरीन मारले गेले. लढाईच्या थोडंच आधी या तुकड्यांकडच्या एम-१४ रायफली काढून घेऊन त्यांच्या हाती नव्या एम-१६ दिल्या होत्या. वाचलेल्या सैनिकांनी घरी पत्रं लिहिली. आपले कितीतरी मृत सोबती रायफल सुटी करून ती चालू करायच्या खटपटीत असतानाच मारले गेले, असं त्यांतल्या एका पत्रात होतं. ते पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, संसदेपर्यंत पोचलं आणि त्यावरून अमेरिकेत गदारोळ उठला.

रायफल बिघडली म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवं, कारण ‘जॅम झाली’ या एका शब्दाखाली निरनिराळे बिघाड येतात. मॅगझिनमधून काडतूस वर येताना तिरकं झालं, तर बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे ओढून ते झटकता येतं, दोन-तीन सेकंदांचं काम. टेकड्यांवर झालं ते वेगळं होतं. गोळी सुटून गेली, पण मागे राहिलेली पितळी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीतून, बाहेरच येईना. तिला ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याने बुडाची कड पकडली, जोरात हिसका दिला, आणि एक तर आकडा सटकला, नाहीतर कडेचा तुकडाच तोडून घेऊन आला. आता पुंगळीला धरायलाच काही उरलं नाही. उपाय एकच: साफसफाईची सळई तोंडाकडून नळीत घालायची आणि पुंगळी ठोकून मागच्या बाजूने बाहेर काढायची. म्हणून सैनिकांनी जोडलेली सळई चिकटपट्टीने रायफलीच्या बाजूलाच बांधून ठेवायला सुरुवात केली. समोरून गोळ्या येत असताना स्वयंचलित रायफलीची गत जुन्या तोंडभरणी बंदुकीसारखी झाली होती.

पुंगळी अडकते कशी? गोळी झाडली की पितळी पुंगळीच्या आत चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या आसपास दाब तयार होतो. पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. ती तशी चिकटायलाच हवी, त्याशिवाय वायू मागे निसटून नेमबाजाच्या तोंडावर येईल. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब उतरतो, पितळ आपल्या लवचिकपणामुळे केसभर आक्रसतं, भिंत सोडतं, आणि मग ते सहज ओढून काढता येतं. सगळा खेळ या केसभर आक्रसण्यावर आहे. भिंत गुळगुळीत असेल तर तेवढं पुरतं. भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे असतील, किंवा चेंबर कापताना हत्याराच्या चऱ्या राहिल्या असतील, तर एवढ्या दाबाखाली पितळ त्या खड्ड्यांत, चऱ्यांत शिरतं आणि तिथेच रुतून बसतं. बीडाचा तवा गंजला की घावन सुटत नाही, तुकड्या-तुकड्यांनीच निघतं, तसंच हे. काढलेल्या पुंगळीच्या अंगावर मग लांबट ओरखडे आणि बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. ते उंचवटे म्हणजे चेंबरमधल्या खड्ड्यांचे उलटे ठसे.

यात एम-१६ च्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाचा आकारही आडवा आला. त्याची पुंगळी जवळजवळ सरळ नळकांड्यासारखी आहे, निमुळतेपणा फारच थोडा. समोरच्या बाजूच्या एके-४७ च्या काडतुसाकडे पाहिलं तर फरक लगेच कळतो. ते चांगलंच निमुळतं आहे, त्यामुळे किंचित मागे सरकलं की चारही बाजूंनी भिंतीपासून मोकळं होतं. सरळ पुंगळी मात्र बरंच अंतर भिंतीला घासतच येते. शिवाय हाताने चालवायच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत मूठ वर उचलताना एक तिरकी कड पुंगळीला आधी जरा सैल करते आणि मग ओढते. एम-१६ मध्ये हा सैल करण्याचा टप्पा जवळपास नाहीच, बोल्ट फिरला की लगेच मागे धावतो. या रचनेत म्हणूनच चेंबरच्या गुळगुळीतपणाला पर्याय नव्हता.

पहिला निकाल लागला तो सैनिकांवर. पोरं रायफल साफ करत नाहीत, असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. तपासायला गेलेल्यांना आतून गंजलेल्या, काजळीने भरलेल्या रायफली खरोखरच सापडल्या. पण त्या तशा का होत्या? या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशी समजूत सैन्यात पसरू दिली गेली होती. साफसफाईचे संच पुरेसे पाठवलेच नव्हते. चेंबर घासायचा खास ब्रश तर बहुतेकांनी पाहिलाही नव्हता. भातखाचरांतून, नद्यांतून कंबरभर पाण्यात चालणाऱ्या, दिवसेंदिवस पावसात झोपणाऱ्या माणसाला ब्रश न देता घाणीबद्दल दोष द्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. तांत्रिक दृष्ट्याही हा निकाल अपुरा होता, कारण नियमाने रायफल साफ करणाऱ्यांच्याही रायफली अडकत होत्या. एकदा खड्डा पडला की कितीही पुसा, खड्डा बुजत नाही.

आधीचा अनुभव या निकालाच्या विरोधातच होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात याच रायफलीची आरंभीची आवृत्ती घेऊन लढलेल्या हवाई घोडदळाच्या तुकडीने तिची वाखाणणी केली होती. त्या तुकड्यांनी अमेरिकेत असतानाच ही रायफल बराच काळ हाताळली होती, तिच्या सवयी त्यांना ठाऊक होत्या. तीच रायफल पुढच्या दीड वर्षात बदनाम झाली. या काळात ती झपाट्याने हजारो सैनिकांना वाटली गेली आणि दमट हवेत तिची चेंबरं जुनी होत गेली. नव्या रायफलीत न दिसणारा दोष काही महिन्यांनी दिसू लागला, तर संशय आधी गंजण्या-झिजण्यावर जायला हवा.

दुसरा संशय काडतुसात भरलेल्या स्फोटक दारूवर गेला, आणि इथे प्रकरण खोल आहे. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत ही रायफल आखली, तेव्हा तिच्या काडतुसांत ड्यूपॉंट कंपनीची आयएमआर ४४७५ ही बारीक नळ्यांच्या आकाराच्या कणांची दारू होती. लष्कराला ठरलेला वेग आणि ठरलेली दाबाची मर्यादा त्या दारूत सातत्याने मिळेना. तेव्हा १९६४ मध्ये ऑलिन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोल कणांची दारू स्वीकारली गेली. गोळीचा वेग तोच राहिला, पण जळण्याची चाल बदलली. नळीला जिथे वायूसाठी भोक आहे तिथपर्यंत गोळी पोचते तेव्हा या दारूचा दाब जास्त उरलेला असतो. एम-१६ मध्ये तोच वायू नळीवरच्या बारीक नलिकेतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये (बोल्टला घेऊन मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) जातो आणि त्याला मागे ढकलतो. दाब जास्त म्हणजे धक्का जास्त, म्हणजे बोल्ट लवकर उघडतो आणि जोरात मागे जातो. मिनिटाला गोळ्या झाडण्याचा वेग ठरवून दिलेल्या ८५० च्या वर गेला.

चेंबरमध्ये काय घडतं याच्याशी हे जोडून पाहिलं पाहिजे. बोल्ट लवकर उघडला तर त्या क्षणी पुंगळी अजून पुरती आक्रसलेली नसते, आतला दाब तिला भिंतीवर दाबून धरत असतो. एकीकडे भिंत सोडत नाही, दुसरीकडे आकडा आधीपेक्षा जोराने ओढतो. गुळगुळीत चेंबरमध्ये ही ओढाताण निभून जाते. खड्डे पडलेल्या चेंबरमध्ये कड तुटते. या दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं होतं. त्याची साका वायूच्या नलिकेत साचत होती आणि काजळीही वाढली होती. पुढे त्या कार्बोनेटचं प्रमाण कमी करण्यात आलं.

रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधी सभागृहाची उपसमिती मे १९६७ मध्ये कामाला लागली आणि ऑक्टोबरमध्ये तिने अहवाल दिला. दारू बदलण्याच्या निर्णयावर तिने कडक ताशेरे ओढले. तिच्यापुढे आलेली एक गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. नव्या दारूने रायफली झाडण्याच्या वेगाच्या मर्यादेत बसत नाहीत हे त्या बनवणाऱ्या कोल्ट कारखान्याने कळवल्यावर त्यांना स्वीकृतीच्या चाचणीत जुनी दारू वापरायची मुभा मिळाली. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना रायफल एका काडतुसावर पास होत होती आणि जंगलात सैनिक तिच्यात दुसरंच काडतूस भरत होता. चाचणी आणि वापर यांच्यात इतकं अंतर पडू देणाऱ्यांना नंतर ‘पोरं साफसफाई करत नाहीत’ असं म्हणायचा अधिकार नव्हता.

तरीही उपसमितीचा भर दारूवर जरा जास्तच पडला, असं माझं मत आहे. गोल कणांची दारू त्यानंतरही अमेरिकन ५.५६ काडतुसांत राहिली आणि रायफली व्यवस्थित चालू लागल्या. दारू हेच मूळ असतं तर असं झालं नसतं. दारूने ओढाताण वाढवली, हे खरं. पुंगळी रुतायची जागा मात्र चेंबरच्या भिंतीत होती.

एम-१६ ची नळी क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रपोलादाची होती. नावात क्रोम असलं तरी हे पोलाद स्टेनलेस नव्हे, ओलाव्यात ते गंजतं. सुरुवातीच्या रायफलींत नळीला आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर लढलेल्या जपान्यांच्या टाइप ९९ रायफलीची नळी आतून क्रोम केलेली होती. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या हातात असलेल्या एके जातीच्या रायफलींची चेंबरं क्रोमची होती. आणि मरीनांकडून ज्या एम-१४ काढून घेतल्या, त्यांच्या नळीला आणि चेंबरलाही क्रोम होता. उष्ण, दमट मुलुखात पोलादाच्या चेंबरचं काय होतं हे अमेरिकन लष्कराच्या शस्त्रविभागाला शिकवायची गरज नव्हती.

मग एम-१६ लाच क्रोम का नाही? ती लष्कराच्या स्वतःच्या शस्त्रविभागात जन्मलेली नव्हती, खासगी कंपनीचं तयार आखलेलं हत्यार म्हणून आली होती. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या कारकिर्दीत लष्करासाठी ८५,००० आणि हवाई दलासाठी १९,००० रायफलींची खरेदी ठरली, ती एकदाच करायची तात्पुरती खरेदी म्हणून. तात्पुरत्या वस्तूत फेरफार कमीत कमी, खर्च कमीत कमी, असा कल होता. त्यात ५.५६ मिलिमीटर इतक्या अरुंद नळीत सगळीकडे सारख्या जाडीचा मुलामा चढवणं त्या वेळी अवघड होतं. तात्पुरती म्हणून घेतलेली रायफल युद्ध पेटलं तेव्हा मुख्य रायफल झाली, आणि आधी वगळलेला मुलामा वगळलेलाच राहिला.

चेंबर कसं सडत गेलं असेल, याचा क्रम लावता येतो. पावसाचं पाणी, घामाचं मीठ, जळलेल्या दारूची ओल धरून ठेवणारी काजळी, हे सगळं चेंबरच्या कोपऱ्यात साचतं. गस्तीवरचा सैनिक काडतूस चेंबरमध्ये भरूनच चालतो, दिवसचे दिवस. पोलादाला टेकलेलं पितळ आणि मध्ये ओल, अशा जोडीत गंज चढतो तो पोलादावर, पितळ शाबूत राहतं. आधी तपकिरी पापुद्रा येतो, मग त्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. नळीच्या तोंडातून डोकावून पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद आहे आणि त्याची भिंत मागच्या बाजूला, बोल्टच्या दातांच्या खोबणीपलीकडे लपलेली असते. साधी चिंधी सळईवर गुंडाळून नळी पुसली तर ती चेंबरच्या भिंतीला नीट टेकतही नाही. म्हणून वरवर लखलखीत दिसणारी रायफल तपासणीत पास होई आणि लढाईत अडके.

दुरुस्तीचा विचार करताना कारागिराच्या मनात पहिला उपाय येतो तो चेंबर घासून गुळगुळीत करण्याचा. हलका गंज, जुनं वंगण, वाळलेली लाख यांवर तो चालतो. खोल खड्ड्यांवर चालत नाही. खड्ड्याच्या तळापर्यंत धातू उतरवायचा तर चेंबर मापाबाहेर मोठं होतं, मग पुंगळी आणखी फुगते आणि फाटायची भीती वाढते. जुन्या चेंबरलाच क्रोम चढवणंही जमत नाही. मुलामा खड्डा भरत नाही, त्याच्या आकाराबरहुकूम बसतो. शिवाय मुलाम्याच्या जाडीएवढं चेंबर लहान होतं, म्हणून ते आधीपासूनच तेवढं मोठं कापावं लागतं. तेव्हा खड्डे पडलेल्या नळ्या बदलणं आणि नव्या नळ्यांची चेंबरं क्रोमची करणं, एवढाच खरा उपाय उरला.

१९६७ मध्ये कोल्टच्या उत्पादनात क्रोम केलेलं चेंबर आलं. आधी फक्त चेंबर, कारण ते रुंद आणि तिथे मुलामा सारखा बसवणं सोपं. संपूर्ण नळी आतून क्रोम करायला आणखी काही वर्षं गेली. क्रोम गंजत नाही, पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो आणि पितळ त्याच्यावरून सहज घसरतं. मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच. इतका पातळ थर आधीपासून असता तर खे सान्हच्या टेकड्यांवरची गोष्ट निराळी झाली असती, हे वाचताना आजही राग येतो.

ओढाताणीच्या दुसऱ्या टोकालाही काम झालं. बोल्ट कॅरियरच्या मागचा धक्का झेलणारा बफर बदलून त्यात सरकणारी वजनं घातली. त्यामुळे मागचा वस्तुमानाचा भार वाढला, बोल्टची धाव मंदावली आणि पुढे आदळून उसळायची त्याची खोड गेली. झाडण्याचा वेग मर्यादेत आला. चेंबरचे ब्रश, सळया आणि योग्य वंगण पोचू लागलं. १९६८ मध्ये देखभालीची सचित्र पुस्तिका सैनिकांच्या हाती पडली, खिशात मावेल अशी, चित्रकथेच्या रूपात. तिच्यावर नाकं मुरडणारे होते, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने खंदकात बसून वाचावं असं साहित्य तसंच असायला हवं. या सगळ्या सुधारणांसह एम-१६ए१ हे नाव रूढ झालं, आणि तीच रायफल पुढे दशकानुदशकं टिकली.

कोणत्या उपायाने किती फरक पडला, याचा वाद शस्त्रांच्या अभ्यासकांत चालू आहे. उपाय जवळजवळ एकाच वेळी आल्यामुळे त्यांना वेगळं करून मोजणं कठीण. माझा कौल चेंबरला आहे. दारू, बफर, ब्रश यांतलं काहीही सुधारलं असतं आणि खड्डे तसेच राहिले असते, तर पुंगळ्या रुततच राहिल्या असत्या.

परवानाधारक रायफल बाळगणाऱ्याला, रेंजवर सराव करणाऱ्याला या प्रकरणातली तपासाची पद्धत थेट उपयोगाची आहे. पुंगळीवर ओरखडे दिसले की आधी ते केव्हा पडले हे शोधावं. न झाडलेलं काडतूस चेंबरपर्यंत जाऊन परत आलं आणि तेवढ्यानेच त्यावर ओरखडा आला, तर दोष बहुधा मॅगझिनच्या ओठांत किंवा काडतूस वर चढतं त्या उतारावर आहे. ओरखडा फक्त झाडलेल्या पुंगळीवर असेल, तर चेंबरकडे पाहावं. पुंगळीला आडवी वेटोळी दिसत असतील तर चेंबर कापतानाच्या चऱ्या, एकाच जागी ठसा उमटत असेल तर तिथे खड्डा किंवा कचरा. दर पुंगळीवर ठसा त्याच जागी येतो का, हे पाहायला चार-पाच पुंगळ्या ओळीने मांडल्या तरी पुरे. काडतुसाचा शिक्काही, म्हणजे बनावटही, बदलून पाहावा, कारण पितळ नको तितकं मऊ असेल तर ते कमी आक्रसतं आणि चांगल्या चेंबरलाही चिकटतं. पुंगळीची मान मऊ आणि बूड कठीण ठेवण्यासाठी काडतुसांच्या कारखान्यात तिला ठरावीक टप्प्यांवर तापवतात. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ ची काडतुसं बनतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे.

अडकणारी पुंगळी सुटावी म्हणून चेंबरला तेल चोपडायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. कोरड्या चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरून राहते आणि मागच्या धक्क्याचा काही भाग स्वतः सोसते. तेलकट चेंबरमध्ये ती सरकते आणि सगळा भार बोल्टवर येतो. गंज लागू नये म्हणून ठेवताना तेलाचा पातळ हात जरूर द्यावा, पण झाडण्याआधी चेंबर कोरडं पुसून घ्यावं. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, मग द्रावक, मग चेंबरच्या मापाचा ब्रश, मग कोरडी चिंधी, आणि मग मागून प्रकाश टाकून भिंत पाहणं. कोकणात पावसाळ्यात रायफल कातडी पिशवीत घालून ठेवणाऱ्यांनी हे महिन्यातून अनेकदा करावं, कारण कातडं ओल धरतं.

घासूनही ठसे जात नसतील तर पुढचं काम घरी करायचं नाही. पॉलिश कापड ड्रिलवर गुंडाळून चेंबरमध्ये फिरवणारे लोक असतात. त्यांच्या हातून चेंबर गोल राहत नाही आणि पुंगळी मानेकडे अरुंद होते त्या खांद्याची जागा सरकते. भारतात शस्त्र दुरुस्त करण्याचा व्यवसायही शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याचा विषय आहे, तेव्हा परवानाधारक कारागिराकडेच जावं, आणि जाताना झाडलेल्या पुंगळ्या जपून सोबत न्याव्यात. कोणत्या शिक्क्याच्या काडतुसाची कोणती पुंगळी, आणि ती नळी थंड असताना अडकली की गरम झाल्यावर, एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं तर त्याला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं.